आधी झाड ओळखा, मग अळी

पावसाळ्यात कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं एकाएकी कुरतडलेली दिसू लागतात. जवळ जाऊन पाहावं, तर पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी काळपट, मध्ये पांढरा डाग असलेलं. काडीनं डिवचलं की ते डोकं उचलतं, मानेपाशी लालसर-केशरी दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ही कॉमन मॉर्मन किंवा लाइम या फुलपाखराची अळी. चौथ्यांदा कात टाकली की तीच हिरवीगार होते. कालची अळी ती हीच, हे सांगूनही पटत नाही.

म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. ती कोणतं झाड खाते, ते आधी पाहावं; बहुतेक अळ्यांच्या खाण्याच्या वनस्पती ठरलेल्या असतात. रुईवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या दिसल्या, तर ती प्लेन टायगरची. कण्हेरीवर किंवा तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी, डोक्यामागे निळे डोळे आणि शेपटाशी आखूड शिंग असेल, तर ती एका मोठ्या हिरव्या पतंगाची. ते डोळे खोटे, आणि शिंगही टोचत नाही. शेवग्याच्या खोडावर पुंजक्यानं बसलेल्या केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नये. अंगाची आग होते.

मग पाय मोजावेत. पुढच्या तीन जोड्या खऱ्या पायांच्या. मागे पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. सहा किंवा अधिक भरल्या, तर ती फुलपाखराची नव्हे, पतंगाचीही नव्हे. मोहरीवरची काळपट अळी अशीच एका माशीची असते.

शेतात ही ओळख चुकली, तर पिकाच्या जिवावर बेततं. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. मक्याच्या पोंग्यात ती लपून खाते, वर भुश्यासारखी विष्ठा साचते. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय असतो; शेपटाकडून दुसऱ्या वलयावर चार काळे ठिपके चौकोनात बसलेले असतात. एवढं पाहिल्याशिवाय फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये.

तरीही नाव लागलं नाही, तर झाडाचा, अळीच्या डोक्याचा आणि कुशीचा फोटो काढून जाणकाराला दाखवावा. किंवा त्याच झाडाची ताजी पानं घालून, तोंडाला जाळीचं कापड बांधलेल्या बरणीत ती वाढवावी. कोषातून बाहेर येणारा जीव पक्कं नाव सांगतो. कधी फुलपाखराऐवजी त्यातून बारीक गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईनं अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात.