डोंबाऱ्याची चिमणी

नाइट क्लबची गायिका म्हटली की आपण पांढरपेशे नाक मुरडणार. खुशाल मुरडा, पण आधी पॅरिसच्या एदीत पियाफची एखादी तबकडी ऐका. फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही, तरी ती वाजू लागली की माझ्या हातातला चहा निवून जातो.

जन्म १९१५ चा. बाप रस्त्यावर कसरती करणारा. आपल्याकडचा डोंबारीच म्हणा ना! त्याने कोलांट्या माराव्यात, पोरीने गावे आणि जमलेल्यांकडून पैसे गोळा करावेत. १९३५ साली लुई लप्ले या क्लबमालकाने तिला रस्त्यावरच हेरले. पावणेपाच फूटही उंची नाही. नाव ठेवले पियाफ, म्हणजे चिमणी! पुढच्याच वर्षी लप्लेचा खून झाला आणि बिचारीमागे पोलिसांचा ससेमिरा लागला. त्यातूनही ती निभावली.

१९४९ च्या ऑक्टोबरात ती न्यूयॉर्कच्या 'व्हर्साय' क्लबात गात होती. तिला भेटायला निघालेला तिचा प्रियकर, मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां, विमान कोसळून गेला. त्या रात्रीही ती उभी राहून गायली. लोक याला कलानिष्ठा म्हणतात. मला तिथे ती रस्त्यावरची पोरच दिसते. माणसे जमली आहेत, खेळ मोडायचा कसा?

१९६३ साली, ४७ व्या वर्षी ती गेली. अंत्ययात्रेला पॅरिसचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते.