प्रीसेट : ओळख आणि जपणूक

नेमके काय?
• प्रीसेट : व्हर्च्युअल वाद्याच्या सेटिंग्जची जतन केलेली जुळणी.
• बँक : अनेक प्रीसेटचा संच.
• सॅम्पल : खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण. प्रीसेटमध्ये बहुधा ते नसते, फक्त त्याचा पत्ता असतो. सॅम्पलचे फोल्डर हलवले की वाद्य मुके होते.

टप्पे
• १९७८ : ‘प्रॉफेट-५’ सिंथेसायझर, ४० आवाज स्मृतीत.
• १९८३ : मिडी, म्हणजे वाद्ये व संगणक यांच्यातील संदेशांची समान पद्धत.
• १९९१ : जनरल मिडी, १२८ ठरावीक आवाज.
• १९९६ : स्टाइनबर्गचे व्हीएसटी, म्हणजे संगीत-सॉफ्टवेअरला प्लगइन जोडण्याची पद्धत.

वऱ्हाडी खंजिरी
• जनरल मिडीच्या मूळ यादीत सतार (१०५) आणि शहनाई (११२) आहेत. तबला, ढोलकी, खंजिरी नाहीत.
• राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (जन्म १९०९, यावली, जि. अमरावती) भजनांची ओळखच खंजिरी. तिचा अस्सल नाद हवा, तर अमरावती-अकोल्याच्या स्टुडिओत ती स्वतंत्र ध्वनिमुद्रित करावी.

जपायचे कसे?
• नावात वाद्य, पट्टी, प्रकार लिहा : ‘खंजिरी-काळी ४-भजन’.
• मूळ प्रीसेटवर बदल जतन करू नका. नवे नाव द्या.
• प्रीसेट, सॅम्पल आणि प्रोजेक्ट या तिन्हींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.