गंजिफा फोनवर आणायची तर…

पेडणे आणि डिचोली हे गोव्यातले दोन्ही महाल एके काळी सावंतवाडीकर भोसल्यांचे. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं. त्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, आज शोभेची वस्तू म्हणून विकली जाते, पण खेळणारे फार थोडे उरलेत. ती फोनवर आणून विकावी, असं गोव्यातल्या एखाद्या तरुणाच्या मनात आलं, तर त्याला चार गैरसमज हमखास ऐकावे लागतील.

गैरसमज: पैसे घेऊन पत्ते खेळवले की तो जुगारच.
मांडवीतल्या कॅसिनोंमुळे गोव्यात ही शंका येणारच. पण केंद्राचा 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा यात फरक करतो. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यात बंदी आहे. करमणुकीच्या खेळासाठी वर्गणी किंवा एकदाच प्रवेशशुल्क घेता येतं; फक्त ती रक्कम पैज असता कामा नये.

गैरसमज: पानांची चित्रं स्कॅन केली की ॲप तयार.
खरी मेहनत इथूनच सुरू होते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे 10 रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि 10 साधी पानं, अशी 120 पानं असतात. तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या हातात 40. ती गोल पानं हातात पंख्यासारखी पसरतात. फोनच्या अरुंद पडद्यावर 40 वर्तुळं मांडली तर मत्स्य कुठला आणि कूर्म कुठला, हेच कळणार नाही. त्यात पाच रंगांत साध्या पानांपैकी दहाचं पान सर्वांत वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का. हे नवख्याला प्रत्येक डावात दाखवत राहावं लागेल, आणि जाणत्याला तेच खुपेल. शिवाय दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. एक भाऊ पेडण्यात आणि दुसरा लंडनमध्ये बसून खेळत असेल, तर सूर्य कुणाचा धरायचा? समोरासमोर बसलेली माणसं असा पेच बोलून सोडवतात. ॲपला आधीच ठरवून ठेवावं लागतं, आणि घरोघरच्या रीती वेगळ्या असल्या तर तीही सोय ठेवावी लागते.

गैरसमज: जुना खेळ आहे, मग कुणाची परवानगी कशाला?
खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 3(एम) तसं स्पष्ट सांगतं. चित्रांचं तसं नाही. आजच्या चितारी कलावंतानं रंगवलेल्या पानावर त्याचा हक्क असतो, आणि तो साधारणपणे त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. हा खर्च हिशेबात धरायलाच हवा, आणि तो आनंदानं करावा असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: भांडवल असलं की चालतंच.
‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कंपूनं बसून खेळायचा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं सिजिल नावाचा त्रिमिती डिजिटल पट फेब्रुवारी 2025 मध्ये आणला. पुढच्याच महिन्यात त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना काढून टाकलं. अशा साधनाला एकटं गिऱ्हाईक पुरत नाही. अख्खा कंपू एकाच वेळी यावा लागतो, आणि त्यातल्या एकालाही ते अवघड वाटलं तर सगळेच उठून जातात.

म्हणून कोड लिहिण्याआधी सावंतवाडीच्या राजवाड्यात जा, तिथे पानं रंगवणाऱ्यांशी बोला, आणि तिघं मिळून खऱ्या पानांनी पूर्ण डाव खेळून पाहा.