सापसुरळीचा आडोसा

पुण्या-नाशिकच्या बंगल्यांपुढे आणि शासकीय विश्रामगृहांच्या आवारात बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचा बॉटल पाम हमखास दिसतो. रोपवाटिकेत त्याला तोटा नाही. पण कुणी न लावता, आपसूक उगवलेला बॉटल पाम जगात एकाच जागी उरला होता. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे 22 किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. क्षेत्रफळ 219 हेक्टर, माथा 280 मीटर उंच. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे या झाडांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याच खडकांत टेलफेअरची सापसुरळी राहते. धड वीतभराला जरा कमी, त्यामागे लांब शेपूट. राखाडी-तपकिरी ठिपकेदार अंग, आणि ऊन पडले की खवल्यांवर तेलाच्या तवंगासारखे रंग. किडे, फळे, छोट्या पाली, वेळ पडल्यास स्वतःच्या जातीची पिल्लेसुद्धा ती खाते. 1831 मध्ये दफ्तरी नोंदली गेलेली ही जात पुढे दीर्घ काळ या एका बेटापुरतीच राहिली. म्हणून तिला ‘राउंड आयलंडची’ म्हणायची सवय पडली, आणि माझ्या मते घोटाळा या सवयीतच आहे.

कारण तिची जुनी हाडे मुख्य मॉरिशसवर सापडतात. ती तिथली होती. जहाजांबरोबर उंदीर आले, मागोमाग मांजरे आली, आणि सगळ्या मोठ्या बेटावरून ती नाहीशी झाली. राउंड आयलंडवर ती टिकली यात त्या बेटाच्या मातीचा काही खास गुण नाही. उभे कडे आणि सदा उसळता समुद्र यांमुळे तिथे होडी लावणे कठीण, म्हणून उंदरांचे पाऊल तेवढे तिथे पडले नाही. वादळात पडवीत शिरलेल्या वाटसरूला कुणी त्या घराचा मालक म्हणत नाही. बेट हा या सापसुरळीचा आडोसा होता. हे एकदा मान्य केले, की तिला वाचवण्याचा अर्थही बदलतो. बेटाभोवती कुंपण घालून ‘आता निसर्ग पाहून घेईल’ म्हणणे पुरत नाही.

आडोसाही गळका होता. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी तिथे शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी झाडोरा खाल्ला, आणि उघडी पडलेली माती पावसाने समुद्रात नेली. टणक लाकडाचे रान गेले, उरले तुरळक ताडवृक्ष. मातीत बिळे करून राहणारा तिथला एक बोआ साप 1975 नंतर कुणाला दिसलेला नाही. पुढच्याच वर्षी प्राणिसंरक्षक जेराल्ड डरेल तिथे पोहोचले आणि त्यांनी इथल्या सरड्या-सापांची पैदास जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात सुरू केली. 1979 पर्यंत शेळ्या संपवण्यात आल्या. 1986 मध्ये न्यूझीलंडच्या डॉन मर्टन यांच्या सहभागाने विषारी आमिष टाकून ससेही संपवले. त्यानंतर ताडाची रोपे तग धरू लागली आणि सापसुरळ्या वाढल्या.

सशांना विष घालणे हा क्रूरपणाच, असा आक्षेप येतो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. विषाने येणारे मरण सोपे नसते, आणि ससा काही स्वतःहून तिथे गेला नव्हता. पण ससे जगात कोट्यवधी आहेत. त्या बेटावर ते ठेवायचे ठरवले असते, तर मातीबरोबर सापसुरळी आणि ताड सगळेच हळूहळू मेले असते. ते मरण डोळ्यांसमोर घडत नाही, म्हणून कमी क्रूर वाटते इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. परक्या जाती काढता, मग 2007 पासून त्याच बेटावर आल्डाब्रा बेटावरची राक्षसी कासवे का सोडली? तीही परकीच. इथे विसंगती आहे, हे कबूल करावे. मॉरिशसची मूळ कासवे नामशेष झाली, आणि गवत चरण्याचे व बिया पसरवण्याचे त्यांचे काम करणारे कुणी उरले नव्हते. पण मला पटणारा मुद्दा वेगळाच आहे. चूक ठरली तर कासव उचलून परत नेता येते. उंदीर नेता येत नाही.

चिचुंद्री तर मुळीच नाही. आपल्या मोरीच्या कडेने चिकचिक करत पळणारी ही दुर्गंधी चिचुंद्री जहाजांतून मॉरिशसला केव्हाच पोहोचली आहे. राउंड आयलंडच्या पश्चिमेला फ्लॅट आयलंड आहे. तिथले उंदीर आणि मांजरे 1998 मध्ये हटवली होती. तिथे 1995 मध्ये नारिंगी शेपटीची एक सापसुरळी सापडली होती, जगात फक्त तिथेच. 2010 मध्ये त्या बेटावर चिचुंद्री आढळली आणि साधारण दीड वर्षात नारिंगी शेपटी तिथून संपली. तरी जात वाचली, कारण काही सापसुरळ्या आधीच गनर्स क्वॉइन बेटावर हलवल्या होत्या. तेव्हा या स्थलांतराला कुणी निसर्गातली ढवळाढवळ म्हटले असते, तर वरवर पाहता ते बरोबरच दिसले असते.

टेलफेअरच्या सापसुरळीचेही तसेच. 2006-07 मध्ये ती गनर्स क्वॉइनवर आणि आग्नेय किनाऱ्यालगतच्या इल ओ झेग्रेतवर नेण्यात आली. हे दुसरे बेट अवघे 26 हेक्टरांचे. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज त्याच्याच जवळच्या प्रवाळखडकावर चढले, आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. आसपासच्या खडकाळ बेटांवरच्या छोट्या पाली आणि सापसुरळ्या तेव्हा विमानाने जर्सीला न्याव्या लागल्या. आडोसा एकच असता, तर एका जहाजाने हिशेब मिटवला असता. मग हा पहारा कुठवर, असे खर्चाच्या बाजूने बोलणारे विचारतात. उत्तर कडू आहे: कायमचा. माणूस बोटीतून ये-जा करतो तोवर चिचुंद्रीचीही वाट उघडी राहणार.

मॉरिशसच्या मराठी घराण्यांचे पूर्वज ज्या मजूर-जहाजांतून गेले, तशा जहाजांवर पटकीचा संशय आला की माणसांना फ्लॅट आयलंडवर उतरवून अडकवून ठेवत. एकोणिसाव्या शतकात माणसांची तपासणी इतकी कडक होती. आज राउंड आयलंडला जाणाऱ्या संशोधकांचे सामान बंद पेट्यांतून जाते आणि बूट, कपडे, पिशव्यांचे शिवणकोपरे बियांसाठी आणि किड्यांसाठी तपासले जातात. फ्लॅट आयलंडला मात्र सहलीच्या बोटी जातात, डब्यापिशव्यांसकट.