शेमा आणि बावीस अक्षरे

अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ साली ‘मागेन आबोथ’ हे सिनेगॉग उभे राहिले. आजची वास्तू १९१० ची. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, सिनेगॉगला पिढ्यान्‌पिढ्या ‘मशीद’ म्हणत आली. तिथे वाचला जाणारा तोरा हा धर्मग्रंथ चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला असतो. त्या मजकुरात स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हेही नाहीत. हिब्रूची बावीस व्यंजने उजवीकडून डावीकडे चालतात. स्वर आणि थांबे वाचणाऱ्याला मुखोद्गत असावे लागतात.

कोकणात नेमके उलटे घडले होते. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, असे समाजाची परंपरा सांगते. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. अक्षरे विसरली गेली. ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना मात्र ओठांवर राहिली आणि सुंता असो, लग्न असो, तीच म्हटली जाई.

या प्रार्थनेची पहिली ओळ सहा शब्दांची. शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे एक. त्याच्या अखेरच्या ‘दालेत’ अक्षराचा टोकदार कोपरा लिहिताना गोल झाला, तर ते ‘रेश’ होते आणि शब्द वाचला जातो ‘अहेर’, म्हणजे दुसरा. ज्याच्या एकत्वाची ग्वाही द्यायची, तो देवच दुसरा होऊन बसतो! हा घोटाळा टळावा म्हणून गुंडाळीत ते दालेत मोठे काढतात, असे एक स्पष्टीकरण आहे. पहिल्या शब्दातले ‘आयिन’ही मोठे असते, ही दोन अक्षरे जोडली की ‘एद’ होते, म्हणजे साक्षीदार.

स्वरांच्या खुणा फार पुढच्या. इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या सुमारास तिबेरियासच्या विद्वानांनी अक्षरांच्या खाली, वर आणि पोटात टिंबे-रेघा देण्याची पद्धत पक्की केली. अक्षराखाली एक टिंब म्हणजे ‘इ’. छापील बायबलात वचन संपले की एकावर एक दोन टिंबे येतात. दिसायला अगदी आपला विसर्ग, पण उच्चार काही नाही. तो ‘सोफ पासूक’, वचनाचा शेवट. आजची हिब्रू स्वल्पविराम आणि पूर्णविराम सर्रास वापरते. उर्दूत प्रश्नचिन्ह उलटे फिरते, हिब्रूत मात्र ते मराठीसारखेच राहते.

अक्षरेच आकडेही होतात. १८४७-४८ म्हणजे ज्यू वर्ष ५६०८. त्यातले हजार बहुधा गाळतात आणि ताव (४००), रेश (२००), हेत (८) लिहून शेवटच्या अक्षराआधी दोन तिरक्या रेघा देतात. पंधरासाठी दहा आणि पाच यांची अक्षरे जोडत नाहीत, कारण त्यांतून देवाचे नाव बनते. तिथे नऊ आणि सहा येतात.

कोकणच्या ज्यूंकडे ही अक्षरविद्या परतली ती कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून आणि मिशनरी शाळांमधून. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत छापले. पुढे समाजातूनच जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४-१९०५) उभे राहिले. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक झाले. १८७४ साली पुण्यात निघालेल्या वल्हांडणाच्या ‘हग्गादा’त हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे, आणि त्यातल्या चित्रांमध्ये बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत.