शंभर वॅटचं करायचं काय?

जिम मार्शल हे मूळचे ड्रमवादक. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या कारागिरांनी अमेरिकन फेंडर कंपनीचा 'बेसमन' समोर ठेवून स्वतःचा गिटार ॲम्प्लिफायर बांधला. तीनच वर्षांत 'द हू'चा पीट टाउनशेंड आणखी मोठा आवाज मागत आला आणि शंभर वॅटचा मार्शल तयार झाला. तेव्हा सभागृहातली ध्वनियंत्रणा जेमतेम गायकापुरती असायची, त्यामुळे गिटार मागच्या रांगेपर्यंत पोचवायची तर वॅट स्टेजवरच हवेत. पुढे ध्वनियंत्रणा सुधारली, ॲम्पसमोर माइक आला आणि हे शंभर वॅट अंगावर आले.

मग आवाजाचं बटण खाली का आणू नये? कारण रॉक वाजवणाऱ्याला फाटलेला आवाज हवा असतो, आणि जुन्या ॲम्पमध्ये तो बटण जवळजवळ पूर्ण फिरवल्यावरच मिळतो. पॉवर व्हॉल्व्हची झेप संपते, ध्वनिलहरींचे शेंडे चपटे होतात, आणि मुळात नसलेले स्वरांश सुरात मिसळतात. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स'चं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा एरिक क्लॅप्टनने डेक्का स्टुडिओतही मार्शल कार्यक्रमाइतकाच मोठा ठेवला होता.

फाटणं तसंच ठेवून दणका कमी करायचा, यासाठीचे सगळे उद्योग तिथून सुरू होतात.

एक लोकप्रिय युक्ती म्हणजे शंभर वॅटच्या ॲम्पमधल्या चारांपैकी दोन पॉवर व्हॉल्व्ह काढून ठेवणं. पुश-पुल रचनेत दोन बाजू आळीपाळीने काम करतात, म्हणून प्रत्येक बाजूचा एकेक काढायचा. उरलेल्या जोडीला आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून दुप्पट भाररोध दिसावा लागतो. स्पीकर १६ ओहमचा असेल, तर मागचा खटका ८ वर ठेवायचा. कृती बिनचूक आहे, पण हाती फारसं काही लागत नाही. वॅट निम्मे झाले की फक्त ३ डेसिबल घटतात. आवाज निम्मा वाटायला वॅट साधारण दहापट कमी व्हावे लागतात. म्हणजे शंभराचे दहा केले, तरी शेजाऱ्याचा राग निम्माच उतरणार! स्क्रीन ग्रिड प्लेटला जोडून व्हॉल्व्ह ट्रायोडसारखा चालवला, तरी शक्ती साधारण निम्मीच होते. तो मऊ आवाज मला आवडतो, पण ॲम्प हळू झाला असं काही वाटत नाही.

एडी व्हॅन हेलनने वेगळी वाट धरली. व्हेरिॲक, म्हणजे आपल्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांतला डिमरस्टॅट, लावून त्याने मार्शलला अमेरिकेतल्या घरगुती १२० व्होल्टऐवजी सुमारे ९० व्होल्ट दिले. मुलाखतींत मात्र व्होल्टेज वाढवतो असंही तो सांगून गेला. यात अडचण अशी की व्हॉल्व्हच्या हीटरचे ६.३ व्होल्टही सोबत उतरतात, आणि हीटर थंड पडलेला व्हॉल्व्ह कितपत टिकेल याची खात्री नाही.

केव्हिन ओ'कॉनर यांनी पुढे आणलेलं 'पॉवर स्केलिंग' इथे वरचढ ठरतं. मॉसफेटच्या नियंत्रकाने फक्त पॉवर व्हॉल्व्हचं उच्च व्होल्टेज खाली आणायचं, त्याच प्रमाणात बायसही उतरवायचा, आणि हीटर नि प्रीॲम्पला हात लावायचा नाही. अशाने एका वॅटच्या खालीही आवाज फाटतो. अभियंत्याला पटेल असा उपाय हाच.

गिटारवाल्याला मात्र तोही पुरत नाही. स्पीकरचा कागदी शंकू जोरात ढकलला जातो तेव्हा स्वतःची भर घालतो; एका वॅटला तो स्वस्थ बसून असतो. शिवाय बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाज हळू झाला की कानाला खर्ज उरलेल्या सुरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतो. तोच सूर मग किरटा वाटतो. यावर ॲम्पच्या आत कितीही डाग दिले, तरी इलाज नाही.

आणि हे डाग जपूनच द्यायचे असतात. आत चारशेच्या वर व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर ते धरून ठेवतात. ते आधी उतरवायचे, मीटरने तपासायचे आणि मगच हात घालायचा. काम करताना एक हात खिशात ठेवायचा, हा व्हॉल्व्ह-रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा जुना नियम इथेही पाळावा.

घरीच वाजवायचं असेल, तर जुना मार्शल उघडण्याआधी मी लहान ॲम्प बघेन. क्लॅप्टनने १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत 'लैला'च्या वेळी फेंडरचा छोटा चॅम्प वापरला होता. त्याची शक्ती पाचेक वॅट. पॉवर व्हॉल्व्ह एकच, काढून ठेवायला दुसरा नाहीच.