धावताना पाय आत का कलतो?

पोलिस भरतीची जाहिरात निघणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी साक्रीतली पहाट बदलते. सूरत-नागपूर महामार्गाच्या कडेनं मुली धावताना दिसतात. कुणी ट्रॅकपँटमध्ये, कुणी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधून. मागून मोटारसायकलवर भाऊ किंवा वडील. २०२४ मध्ये झालेल्या भरतीत मुलींची मैदानी परीक्षा पन्नास गुणांची होती आणि त्यातले वीस गुण एकट्या ८०० मीटर धावण्याला होते. म्हणजे नोकरी मिळणं न मिळणं पायांवरच.

अशात कुणी तरी बघणारा म्हणतो, "पोरी, तुना पाय वाकडा पडस." झालं! नडगी आधीच दुखत असते, त्यात हे ऐकल्यावर मुलीचा धीर सुटतो. मग कुणी चार-पाच हजारांचे खास बूट सांगतं, कुणी बुटात घालायची गादी, आणि घरात आजी म्हणते, "राहू दे ते धावणं, लग्नाची पोर लंगडी व्हायची."

पण पाय वाकडा पडतो म्हणजे नेमकं होतं काय? धावताना बहुतेकींची टाच आधी बाहेरच्या कडेनं टेकते. मग पाऊल आतल्या बाजूला कलतं, तळव्याची कमान थोडी खाली बसते आणि शेवटी पाऊल पुन्हा ताठ होऊन चवड्यावर आणि अंगठ्यावर जोर देत आपल्याला पुढं ढकलतं. या आत कलण्याला डॉक्टर 'प्रोनेशन' म्हणतात. ते सगळ्यांचंच होतं, आणि व्हायलाच हवं. धावताना पावलावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. पन्नास किलोची मुलगी असेल तर शंभर ते दीडशे किलो, आणि ८०० मीटरमध्ये अशी सहाशेच्या आसपास पावलं! हा दणका पचवायला पाऊल थोडं सैल पडावंच लागतं.

पाऊल एकटं कलत नाही, ही खरी गंमत आहे. घरात उभ्या उभ्या करून बघा. दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा आणि तळव्याची कमान आत दाबा. गुडघे आपोआप एकमेकींकडे वळतील. आता अंगठा न उचलता कमान वर ओढा, गुडघे बाहेर जातील. घोट्याची रचनाच अशी आहे की पाऊल आत कललं की नडगीचं हाड आत वळतं आणि त्याच्यामागून गुडघा, मांडी. हे उलटही चालतं. कंबरेच्या बाजूचे स्नायू कच्चे असले तर मांडी आत पडते आणि पावलाला ओढून नेते. म्हणून 'पाय वाकडा' दिसला तरी दर वेळी दोष पावलातच शोधू नये.

मग जास्त कलणाऱ्या पायाला इजा जास्त होते का? वर्षानुवर्षं तसंच मानलं गेलं आणि त्यावर बुटांच्या कंपन्यांचा धंदा जोरात चालला. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आला: पाय आत कलणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त इजा झाल्या नाहीत. दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या नौदलात नव्यानं भरती झालेल्यांवरचा अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात नडगीचं दुखणं मुलींना आणि आत कलणाऱ्या पायाच्यांना जास्त झालेलं आढळलं. आपल्या भरतीच्या मुलींसाठी हा दुसरा अभ्यास जवळचा वाटतो, कारण तिथंही थोड्या आठवड्यांत अंगावर खूप कष्ट पडतात. मला वाटतं, पाऊल कलणं हे एकटं कारण नाही. अचानक वाढलेल्या धावण्याबरोबर आलं की मात्र ते नडू शकतं.

नडगीच्या दुखण्यामागं बहुधा सापडते ती घाई. वर्षभर काही नाही, जाहिरात आली की रोज पाच किलोमीटर. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडाला मात्र वेळ लागतो. आठवड्यातून तीन-चार दिवस धावावं, मधल्या दिवशी विश्रांती घ्यावी, अंतर थोडं थोडं वाढवावं.

दुसरं कारण आपला रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. कडेनं धावलं की रस्त्याच्या मधल्या बाजूचा पाय जास्त आत कलतो. रोज एकाच बाजूनं धावणाऱ्या मुलीचा एकच पाय दुखत असेल तर आधी हे बघा. शाळेचं मैदान किंवा सपाट मातीची वाट मिळाली तर उत्तम. वाहनांची भीतीही नाही.

बुटांबद्दल मुली फार विचारतात. पायाला बरा वाटणारा, बोटं न दाबणारा, तळ न झिजलेला बूट पुरे. टाचेची बाहेरची कड झिजली म्हणून घाबरू नका, बहुतेकींची ती तिथंच झिजते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं सुरुवात अनवाणी केली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेतलं. (म्हणून बूट फेकून डांबरावर धावायला जाऊ नका. तिचे पाय लहानपणापासून डोंगरवाटांना सरावलेले होते.)

बुटाआधी पाय मजबूत करावेत, आणि त्याला पैसा लागत नाही. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा. जमिनीवर पसरलेलं फडकं पायाच्या बोटांनी ओढा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला, त्यानं कंबर पक्की होते. ब्राझीलमध्ये ११८ धावपटूंवर झालेल्या आणि २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात पावलांचे व्यायाम करणाऱ्यांना इजा बऱ्याच कमी झाल्या.

एक मात्र खरं. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत सपाट पाय चालत नाही. ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवा. मधला भाग पूर्ण उमटला तर कमान बसलेली असू शकते. पण हा ठसा उभ्या पायाचा असतो, त्यावरून धावताना काय होतं ते कळत नाही. शंका असेल तर अर्ज भरण्यापूर्वीच अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

आयांसाठी एक गोष्ट. धावणारी मुलगी नुसत्या चहा-बिस्किटांवर मैदानावर जात असेल आणि तिची पाळी दोन-तीन महिने आली नसेल, तर ते नुसतं थकव्याचं म्हणून सोडू नका. अंगाला अन्न कमी पडलं की हाडं कच्ची होतात. बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, हे तिच्या ताटात भावाइतकंच पडायला हवं.

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल आणि विश्रांतीनं कमी होत असेल तर धावणं काही दिवस निम्म्यावर आणावं. पण दुखरी जागा एका बोटानं दाखवता येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा मालिश करू नये, धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जावं. ही चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळं 'काही नाही' असं ऐकून आलात आणि दुखणं तसंच राहिलं, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. तोवर धावणं बंद. सायकल चालवली तर दुखत नसेल तर दम टिकवायला ती चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.